यंत्राची साक्ष कोण घेणार?

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हिशेबतपासणीच्या पेपरात एक प्रश्न हमखास येतो : 'व्हाउचिंग आणि व्हेरिफिकेशन यांतील फरक स्पष्ट करा.' व्हाउचिंग म्हणजे वहीतल्या नोंदीला कागदाचा आधार आहे की नाही ते पाहणे. व्हेरिफिकेशन म्हणजे ती मालमत्ता खरोखर जागेवर आहे का, आणि ज्या प्रकारची म्हणून लिहिली आहे त्याच प्रकारची आहे का, हे स्वतः जाऊन पाहणे. त्याच्या जोडीला किंग्स्टन कॉटन मिलचा १८९६ सालचा खटला येतो. त्या गिरणीच्या मॅनेजरने वर्षानुवर्षे शिल्लक माल फुगवून दाखवला, हिशेबतपासनिसांनी त्याचे प्रमाणपत्र प्रमाण मानले, आणि इंग्लंडच्या अपील न्यायालयाने तपासनिसांना दोषी धरले नाही. पुढे १९३८ मध्ये अमेरिकेत मॅककेसन अँड रॉबिन्स कंपनीचे प्रकरण उघडकीस आले. कागदावर लिहिलेला लाखो डॉलरांचा माल गोदामात कधी नव्हताच, असे आढळले. तेव्हापासून तपासनिसाने गोदामात जाऊन मालाच्या मोजणीला हजर राहावे, हा दंडक पडला.

हे सारे आम्ही लिहितो, मार्क मिळवतो, आणि संध्याकाळी बाजारात जाऊन लॅपटॉप घेतो तो मात्र स्टिकर वाचून! हा स्टिकर म्हणजे दुसरे काय? किंग्स्टनच्या मॅनेजरचे प्रमाणपत्रच नव्हे का? माझे म्हणणे एवढेच आहे की संगणक हा एकच माल असा आहे, ज्याला आपण थेट विचारू शकतो, 'बाबा रे, तू कोण?' आणि तो उत्तर देतो. गव्हाचे पोते बोलत नाही, कापसाची गासडी बोलत नाही. हे यंत्र बोलते. तरीही त्याला सोडून आपण दुकानदाराला विचारतो, याचे मला नवल वाटते.

विचारायचे कसे, हे आधी सांगते, कारण निम्म्या वाचकांना ही गोष्ट सायन्सवाल्यांची वाटून ते पान उलटतील. लिनक्स असलेल्या यंत्रावर टर्मिनल नावाचा काळा पडदा उघडावा आणि एल, एस, सी, पी, यू ही पाच अक्षरे सलग टाइप करून एंटर दाबावे. झाले! प्रोसेसर कोणत्या कंपनीचा, त्याचे पूर्ण नाव काय, आत कोअर किती, त्याची जवळची स्मरणशक्ती, म्हणजे कॅश, किती, असा सगळा पाढा यंत्र वाचून दाखवते. विंडोजमध्ये सीएमडी टाइप केले की तसाच काळा पडदा उघडतो. तिथे आजवर 'डब्ल्यूएमआयसी सीपीयू गेट नेम' अशी चार शब्दांची आज्ञा चालत आली. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये ती जुनाट ठरवली आणि नव्या विंडोजमधून ती निघत चालली आहे. तिच्या जागी पॉवरशेलमध्ये 'गेट-सिमइन्स्टन्स' लिहून, एक जागा सोडून, 'विन३२ अंडरस्कोर प्रोसेसर' असे लिहावे लागते. नाव लांबले आहे, प्रश्न तोच आहे.

मी घरी मराठी आणि गल्लीत कन्नड बोलत वाढले. या अंकाच्या दुसऱ्या विभागातील मित्रांना ठाऊकच आहे की कन्नडात 'केळु' म्हणजे विचार, आणि 'केळु' म्हणजेच ऐक. विचारणे आणि ऐकणे यांसाठी एकच क्रियापद. (मराठी मुलांना 'केळु' म्हटले की फळ आठवते, तो भाग वेगळा.) काळ्या पडद्यावरचा व्यवहार नेमका असा आहे. एक ओळ विचारायची आणि मग गप्प राहून ऐकायचे.

आता शंका अशी की यंत्राला तरी आपले नाव कोठून कळते? दुकानदाराने आत चुकीचे लिहून ठेवले असेल तर? तर वस्तुस्थिती अशी की साधारण १९९३ पासूनच्या या जातीच्या प्रोसेसरांत 'सीपीयूआयडी' नावाची एक आज्ञा कोरलेलीच असते. ती दिली की चिप स्वतःची ओळख सांगते. इंटेलची चिप बारा अक्षरांत 'जेन्युइनइंटेल' असे उत्तर देते, एएमडीची चिप 'ऑथेंटिकएएमडी' असे. दोन्हींचा अर्थ 'अस्सल'! आपल्याकडे मिठाईच्या दुकानावर 'आमची कोठेही शाखा नाही' अशी पाटी असते, त्यातलाच हा प्रकार. लिनक्समध्ये हीच माहिती 'प्रॉक' या फोल्डरातील 'सीपीयूइन्फो' या फाइलीतही वाचता येते. गंमत म्हणजे ती फाइल डिस्कवर कोठेच साठवलेली नसते. आपण मागितली की त्या क्षणी तयार होते. म्हणजे जुना कागद काढून दाखवणे नाही, साक्षीदाराने कोर्टात उभे राहून तोंडी दिलेली ही जबानी आहे.

अर्थात जबानी आहे म्हणून ती डोळे मिटून घ्यावी असे नाही. एएमडीच्या चिपमध्ये नावाची अक्षरे संगणक सुरू होताना बायॉसकडून भरली जातात. दुसऱ्या यंत्राच्या पोटात चालणाऱ्या आभासी यंत्राला तर कोणतेही नाव चिकटवता येते. म्हणून नुसते नाव वाचून थांबू नये. कोअर किती, कॅश किती, फॅमिली आणि मॉडेलचे आकडे कोणते, हे त्या नावाशी जुळतात का ते पाहावे. हिशेबात आम्ही एका वहीची बाकी दुसऱ्या वहीशी ताडून पाहतो, तसेच.

हे सारे मला इतके महत्त्वाचे का वाटू लागले, ते सांगायचे तर डहीला जावे लागेल. डही हे मध्य प्रदेशात, धार जिल्ह्याच्या नैऋत्य कोपऱ्यात, नर्मदेच्या बाजूला असलेले तालुक्याचे गाव. आपल्या सीमाभागातल्या वाचकांना ते ठाऊक असण्याचे कारण नाही. धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. त्यामुळे तिकडे मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. माझी आत्या अशाच एका घरात दिली आहे आणि तिचे यजमान नोकरीनिमित्त डहीला असतात. गेल्या उन्हाळ्यात मी गेले तेव्हा पुणे, इंदूर, धार, कुक्षी असे टप्पे घेत दुसऱ्या दिवशी पोचले. गावात निमाडी आणि भिलाली कानावर पडते, आत्याच्या घरात मराठी, पण तिच्या मराठीत हिंदीचा हेल आला आहे.

मध्य प्रदेश सरकारची एक चांगली योजना आहे. राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत ७५ टक्के किंवा अधिक मार्क मिळवणाऱ्या मुलामुलींच्या खात्यात लॅपटॉपसाठी अलीकडच्या वर्षांत थेट २५,००० रुपये जमा झाले आहेत. वस्तू न देता पैसे द्यायचे, म्हणजे मुले आपल्या पसंतीने घेतील, हा त्यामागचा विचार. विचार उत्तम आहे. पण पसंती करायची ती कशावरून? आत्याच्या शेजारच्या घरातील मुलगी, भिलाला समाजातली, घरात बारावी होणारी पहिली, तिला हे पैसे मिळाले. वडिलांबरोबर ती मोठ्या गावी गेली आणि एका दुकानातून लॅपटॉप घेऊन आली. दुकानदाराने सांगितले, 'आय-सेव्हन आहे, सर्वांत वरचा.' स्टिकरवरही तसेच होते. तेवीस हजार रुपये दिले.

आत्या मला म्हणाली, "अगं, तू कॉमर्सवाली ना? बघ बरं तिचं मशीन. चालतंय, पण फार दमतंय."

मी काळा पडदा उघडला आणि त्या मुलीलाच टाइप करायला लावले. उत्तर आले : कोअर आय-७, २६४०एम. कोअर दोन. हा प्रोसेसर २०११ सालचा. इंटेलच्या त्या काळच्या पद्धतीप्रमाणे चार आकड्यांतला पहिला आकडा पिढी सांगतो. २६४० म्हणजे दुसरी पिढी. त्याच पैशांत, किंवा थोडे अधिक घालून, जुन्या बाजारात आय-५ ८२५०यू असलेले यंत्र मिळू शकले असते. ते २०१७ सालचे, आठव्या पिढीचे, चार कोअरचे. नावात पाच आहे म्हणून ते सातापेक्षा खालचे, असा दुकानातला हिशेब.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. स्टिकर खोटा नव्हता. यंत्र आय-सेव्हनच होते! त्याने फक्त पुढचे चार आकडे सांगितले नव्हते. आमच्या पुस्तकातही असेच लिहिलेले असते की ताळेबंद खोट्या आकड्याने बिघडतो तसा न लिहिलेल्या आकड्यानेही बिघडतो. शिवाय या चार आकड्यांना आज पैशांचे मोल आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. विंडोज ११ साठी, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. म्हणजे त्या मुलीने घेतलेले यंत्र कंपनीच्या लेखी त्या यादीत बसतच नाही.

मी बिल पाहिले. त्यावर 'लॅपटॉप, १ नग' एवढेच वर्णन आणि पुढे ८४७१ हा एचएसएन क्रमांक. वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या नियमांतील ४६ वा नियम आम्हाला शिकवला आहे. बिलावर मालाचे वर्णन हवे, असे त्यात आहे. 'लॅपटॉप' हेही वर्णनच, कोण नाही म्हणेल? ८४७१ या क्रमांकावरून कर खात्याला कळले की ही कोणत्या वर्गातील वस्तू आहे. जिने पैसे मोजले तिला मात्र काहीच कळले नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मालाचा दर्जा, प्रमाण, शुद्धता, किंमत यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. पण हक्क सिद्ध करायला कागद लागतो, आणि कागदावर 'लॅपटॉप, १ नग'. ती मुलगी वडिलांना घेऊन पुन्हा दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, 'आय-सेव्हन बोला था, आय-सेव्हन दिया.' त्याचे एका अक्षरानेही चुकले नव्हते. यंत्र परत घेतले गेले नाही. पुढे कोणीतरी त्यावर लिनक्स घालून दिले आणि आता ते बरे चालते, असे आत्याचा फोन आला तेव्हा कळले.

दुकानातच पैसे देण्यापूर्वी काळा पडदा उघडून एक ओळ टाइप करायला किती वेळ लागला असता? मिनिटभर. आणि जे उत्तर आले ते अक्षरशः बिलावर उतरवून घ्यायचे, एवढाच आग्रह धरायचा होता. साडी घेताना आपण पदर उलगडून पाहतो, तांदूळ घेताना दाणा चावून पाहतो. त्यात दुकानदाराचा अपमान होतो असे कोणी मानत नाही.

उत्तर वाचण्यातही चार खाचखळगे आहेत, आणि त्यांचाच फायदा बाजार घेतो. सर्वांत मोठा म्हणजे गिगाहर्ट्‌झ. वर सांगितलेला जुना आय-७ स्वतःला २.८ गिगाहर्ट्‌झचा म्हणवतो आणि नवा आय-५ अवघा १.६ चा. मग २.८ मोठा की १.६? आकडा पाहिला तर जुना मोठा, काम पाहिले तर नवा कितीतरी सरस, कारण १.६ हा त्याचा पायाचा वेग आहे, गरज पडली की तो ३.४ पर्यंत चढतो, आणि एका ठोक्यात कामही अधिक उरकतो. दुसरे, लिनक्सच्या उत्तरात 'सीपीयू ८' असे दिसले की लोक आठ कोअर समजतात. खाली 'प्रत्येक कोअरमागे धागे २' अशी ओळ असते, ती वाचली की कोअर चारच आहेत हे कळते. एकाच कारकुनापुढे दोन फायलींचे गठ्ठे ठेवले म्हणून कारकून दोन होत नाहीत.

आणि पिढी ओळखण्याची युक्तीही कायमची नव्हे. इंटेलने २०२३ च्या अखेरीपासून 'आय' हे अक्षर काढून 'कोअर अल्ट्रा' वगैरे नवी नावे आणली. एएमडीच्या रायझन ५ ७५२०यू या नावातील ७ पाहून कोणी नवाकोरा समजेल; तो ७ वर्षाचा निदर्शक आहे, आतली रचना झेन-२ आहे, जी २०१९ मध्ये बाजारात आली होती. नावे ठेवणारे जाहिरात खात्यातले असतात, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला तरी सांगायला नको.

या चिपांच्या इतिहासात आपल्या मुलखाशी नाते असलेले एक प्रकरण आहे, ते इथे सांगण्याचा मोह होतो. पेंटियम हा इंटेलचा प्रसिद्ध प्रोसेसर १९९३ मध्ये आला. ज्यांना त्याचे जनक म्हटले जाते ते विनोद धाम मूळ पुण्यात जन्मलेले. १९९४ मध्ये अमेरिकेतील लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना आपल्या गणितांत चूक येऊ लागली. त्यांनी एकेक शक्यता वगळत शोध घेतला आणि दोष चिपच्याच भागाकारात आहे असे दाखवून दिले. काही ठराविक संख्यांचा भागाकार पेंटियम चुकवत होता. कंपनी प्रथम म्हणाली की सर्वसामान्यांना याचा त्रास होणार नाही, ज्याला गरज आहे त्याने ती पटवून द्यावी. अखेर डिसेंबर १९९४ मध्ये मागेल त्याला चिप बदलून देण्याचे जाहीर करावे लागले आणि त्यापायी ४७.५ कोटी डॉलर तिने खर्ची टाकले. हिशेबाच्या यंत्राचा भागाकार चुकतो, याहून वाणिज्याच्या माणसाला झोंबणारी गोष्ट कोणती? तेव्हापासून लिनक्सने त्या 'सीपीयूइन्फो'त एक ओळ घातली, की या चिपमध्ये भागाकाराचा दोष आहे की नाही. आजच्या यंत्रात त्याच ठिकाणी 'बग्ज' अशी ओळ असते आणि जानेवारी २०१८ मध्ये जगापुढे आलेले मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे दोष तिथे नावानिशी दिसतात. स्वतःचे दोष स्वतः वाचून दाखवणारा विक्रीचा माल मी तरी दुसरा पाहिलेला नाही. स्टिकरवर ही ओळ कधी छापली जाईल काय?

यावर आमच्याकडील एका सरांचा आक्षेप असा की हे बी.सी.ए.च्या मुलांचे काम, बी.कॉम.च्या मुलांनी टॅली शिकावे, जीएसटी शिकावे, ते पोट भरायला उपयोगी पडेल. सरांविषयी पूर्ण आदर ठेवून म्हणते की खरेदी कोण करणार? उद्या एखाद्या पतसंस्थेत, कारखान्यात, ग्रामपंचायतीत वीस संगणकांची कोटेशने मागवली जातील, तेव्हा तुलनात्मक तक्ता करायला बी.सी.ए.वाला बसणार नाही, आमच्यातलाच कोणी बसेल. कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या परिशिष्टात लॅपटॉप, डेस्कटॉप यांचे उपयुक्त आयुष्य तीन वर्षे धरले आहे. तीन वर्षांनी पुस्तकात त्याची किंमत जवळजवळ शून्य होते, आणि इकडे चौदा वर्षांपूर्वीची चिप तेवीस हजारांना विकली जाते! या दोन टोकांच्या मध्ये खरी किंमत कुठे आहे, हे ठरवणे हाच आमचा धंदा नाही का?

दुसरा आक्षेप मुलांचा आहे आणि तो मला अधिक जवळचा वाटतो. 'आम्ही मराठी माध्यमातले, तो काळा पडदा पाहिला की धडकी भरते.' मीही दहावीपर्यंत मराठी माध्यमातच शिकले. पण विचार करून पाहा. रंगीत खिडक्यांत शिरलो की सेटिंग, सिस्टिम, अबाउट असे इंग्रजी शब्दांचे जंगल तुडवावे लागते, आणि विंडोजची आवृत्ती बदलली की वाट बदलते. काळ्या पडद्यावर पाच अक्षरे. ही पाच अक्षरे इंग्रजीचा शब्दही नाहीत. इंग्रजी माध्यमाच्या मुलालाही ती आपल्याइतकीच परकी. इथे आपण प्रथमच बरोबरीने सुरुवात करतो. आणि ज्याला आणखी शिकायचे असेल त्याच्यासाठी मुंबईच्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे. लिनक्सचे धडे त्यांनी मराठीतही केले आहेत आणि कन्नडातही. पडदा तोच, आवाज आपल्या भाषेतला. डहीच्या त्या मुलीला मी हे सांगितले तेव्हा तिने विचारले, "भिलालीत आहे का?" मला उत्तर देता आले नाही.

आता थोडे घरचे. प्रत्येक कॉलेजात डेड स्टॉक रजिस्टर असते. संगणक प्रयोगशाळेच्या पानावर बहुधा 'संगणक संच, ३० नग' अशी नोंद असते, पुढे खरेदीची तारीख आणि रक्कम. वर्षातून एकदा कोणीतरी पडदे मोजते आणि सही करते. हे व्हाउचिंगही नव्हे आणि व्हेरिफिकेशनही नव्हे, ही नुसती खानेसुमारी. माझी सूचना अशी की यंदा बी.कॉम. तिसऱ्या वर्षाच्या हिशेबतपासणीच्या प्रकल्पात एक काम हेच द्यावे. दोघादोघांची जोडी करावी, एकाने प्रत्येक यंत्रावर आज्ञा टाइप करावी, दुसऱ्याने प्रोसेसरचे पूर्ण नाव, कोअर आणि कॅश रजिस्टरात उतरवावे. विंडोज १० वर अडकलेली यंत्रे किती आणि लिनक्सवर नेता येण्याजोगी किती, हे त्याच पानावर दिसेल. पुढच्या अंदाजपत्रकात नवी खरेदी मागताना विभागाला त्याचा उपयोग होईल, आणि नवा माल येईल तेव्हा बिलावरचे नाव आणि यंत्राने सांगितलेले नाव शेजारी शेजारी ठेवता येईल.

एका यंत्राला दोन मिनिटे धरली तर तीस यंत्रांना एक तास. मंगळवारी तिसऱ्या तासाला आमच्या प्रयोगशाळेत कोणाचे प्रात्यक्षिक नसते. वेळापत्रक मी पाहून ठेवले आहे.